नागरिकता मालकाच्या कपाटात

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट, म्हणजे ५ सप्टेंबर २०२५. हर्णै बंदरात बोटी उभ्या होत्या, गावचे खलाशी गणपतीला घरी गेलेले, आणि ज्यांना घरी जाणं शक्य नव्हतं ती नेपाळी पोरं बाजारात फिरत होती. त्यातली चौघं माझ्या दुकानात आली. माझं काम फ्रीज, एसी, बर्फाच्या मशिनी दुरुस्त करायचं, जोडीला रिचार्ज आणि झेरॉक्स. एक जण म्हणाला, काका, घरी व्हॉट्सअॅप लागत नाय, मोबाईल बिघडला काय बघा. मोबाईलला काही झालं नव्हतं. त्यांच्या सरकारने आदल्याच दिवशी फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूब धरून २६ अॅप बंद करायचा आदेश काढला होता. व्हायबर चालू आहे असं त्यांच्यातल्याच एकाला कळलं होतं, मी ते चौघांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं, पण पलीकडे डोंगरातल्या गावात आईच्या मोबाईलमध्ये ते कोण टाकून देणार?

तीन दिवसांनी तिकडे पेटलं. ८ तारखेला काठमांडूत पोरांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, एका दिवसात १९ जण गेले, ९ तारखेला संसद, सिंहदरबार म्हणजे तिकडचं मंत्रालय, सुप्रीम कोर्ट सगळ्याला आगी, पंतप्रधान ओलींचा राजीनामा, विमानतळ बंद, तुरुंग फोडून हजारो कैदी बाहेर. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, आणि मेलेल्यांचा आकडा पुढे सत्तरच्या वर गेला. हे आपण घरी बसून टीव्हीवर बघितलं. ही पोरं तेव्हा समुद्रात होती, विसर्जन झाल्यावर बोटी बाहेर पडल्या होत्या आणि किनारा दिसेनासा झाला की मोबाईल गप्प होतो, त्यामुळे आपला देश पेटल्याचं त्यांना बोट परत आल्यावर लिलावाच्या गर्दीत कुणीतरी हसत हसत सांगितलं.

त्याच आठवड्यात बंदरावर चहा पिताना एक बोटमालक बोलला, ह्यांच्यावर आता लक्ष ठेवायला पायजे, तिकडे पार्लमेंट जाळतायत, इकडे बोट जाळायला किती वेळ लागतो. दुसरा म्हणाला, आपल्याला काय टेन्शन नाय, पोरांच्या नागरिकता माझ्या कपाटात आहेत, जातील कुठे? नागरिकता म्हणजे नेपाळमधलं नागरिक असल्याचं कार्ड, आपल्या आधारसारखं पण त्याहून मोठं, कारण त्याच्यावर त्यांचं सगळं चालतं. दोघेही माणसं वाईट नाहीत, गावात कुणाला अडीअडचण आली तर पहिले धावणारे आहेत. पण मला तो चहा गेला नाही.

मी स्वतः दुसऱ्याच्या कपाटात पासपोर्ट ठेवून आठ वर्षं काढलीत. आखातातल्या बहरीन देशात, मनामा शहरात, २००६ ते २०१४, एसी टेक्निशियन म्हणून. आणि त्या आठ वर्षांत मधेच ते शहर पेटलं, शमलं, सावरलं, ते सगळं मी परदेशी म्हणून तिथे राहून बघितलं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वाद घालायचा नाही.

२०१० च्या जनगणनेत बहरीनची लोकसंख्या १२ लाख ३४ हजार होती आणि त्यातले ५४ टक्के आम्ही बाहेरचे. म्हणजे रस्त्यावर दोन माणसं दिसली तर त्यातला एक तरी परका. मी राहायचो गुदैबियात, एका खोलीत सहा जण, खेडचे दोघे, एक मल्याळी, एक आंध्रचा, मी, आणि म्हसळ्याकडचा एक वयाने मोठा मुस्लिम गृहस्थ ज्याला सगळे मामू म्हणायचे. १४ फेब्रुवारी २०११ ला लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर आले आणि लुलू चौकात जमले. लुलू म्हणजे मोती. चौकाच्या मधोमध सहा गलबतांच्या शिडांसारखे उंच खांब आणि त्यांच्या टोकावर सिमेंटचा मोती, १९८२ साली आखाती देशांच्या परिषदेच्या निमित्ताने बांधलेला. आपल्याकडच्या माणसाला ती शिडं बघून घरची आठवण यायची, मी तिथून व्हॅनने जाताना दरवेळी वर बघायचो. १७ तारखेला पहाटे पोलिसांनी चौक रिकामा केला, माणसं मेली, दोन दिवसांनी लोक परत जमले, आणि मग महिनाभर ते असंच चाललं.

आम्ही खोलीत ठरवलं होतं, आपण अध्यात ना मध्यात. हे भांडण त्यांचं, राजा त्यांचा, चौक त्यांचा, आपण पैसे कमवायला आलो, मान खाली घालून कामावर जायचं आणि मान खाली घालून यायचं. परदेशात गेलेल्या प्रत्येक कोकणी माणसाला निघताना घरचे हेच सांगतात, मलाही वडिलांनी हेच सांगितलं होतं, आणि मी पूर्ण मनापासून ते पाळलं. मला आज जे म्हणायचंय ते एवढंच आहे की अध्यात ना मध्यात अशी जागा परक्या माणसाला कुठल्याच शहरात नसते. ती नसते म्हणूनच त्याचं कार्ड कुणाच्या हातात आहे ह्याला फार महत्त्व येतं.

कसं ते सांगतो. १३ मार्चच्या सुमारास गल्ल्यागल्ल्यांच्या तोंडावर नाके उभे राहिले, काही ठिकाणी पोलिसांचे आणि काही ठिकाणी वस्तीतल्या लोकांचे, काठ्या आणि सळया घेतलेले. आमच्या कंपनीच्या व्हॅनमध्ये आम्ही पाच जण असायचो, त्यात एक पाकिस्तानी प्लंबर आणि एक सनाबिसचा बहरीनी सुपरवायझर. सनाबिस म्हणजे लुलू चौकाच्या शेजारची वस्ती, आंदोलनात पुढे असलेली. तर वस्तीवाल्यांच्या नाक्यावर पाकिस्तानी माणसाने तोंड उघडायचं नाही, कारण तिकडच्या पोलिसात पाकिस्तानातून भरती व्हायची आणि त्याचा राग साध्या मजुरावर निघत होता, आणि पोलिसांच्या नाक्यावर सनाबिसवाल्याने मान खाली घालायची, कारण तो त्या वस्तीचा. दोन किलोमीटरच्या रस्त्यात एकाच व्हॅनमधली भीती ह्या सीटवरून त्या सीटवर जायची. मला दोन्ही नाक्यांवर विचारायचे, कुठला? मी सीपीआर कार्ड, म्हणजे तिकडचं ओळखपत्र, पुढे करून म्हणायचो, हिंदी. तिकडे हिंदी म्हणजे भारतीय. आणि ते सोडायचे. पण एका नाक्यावर एका पोराने टॉर्च माझ्या तोंडावर मारून बराच वेळ बघितलं, कारण मी आणि तो प्लंबर दिसायला सारखेच, दोघेही सावळे, दोघांनाही मिशा. माझा जीव त्या दिवशी त्या दोन इंचाच्या प्लॅस्टिकच्या कार्डावर होता, दुसऱ्या कशावर नाही.

हे मी वाढवून सांगत नाही. नंतर बहरीनच्या राजाने स्वतः नेमलेल्या चौकशी आयोगाने, बासिऊनी आयोगाने, नोव्हेंबर २०११ च्या अहवालात लिहिलंय की दक्षिण आशियातल्या कामगारांना ठरवून लक्ष्य केलं गेलं. त्याच अहवालात सरकारी दलांनी केलेल्या छळाबद्दलही लिहिलंय, कैदेत झालेल्या मृत्यूंबद्दल लिहिलंय. मला कुणा एका बाजूची वकिली करायची नाही. त्या देशातल्या लोकांचं दुःख खूप मोठं होतं आणि मी त्याच्या कडेला उभा होतो, एवढंच.

१४ मार्चला सौदीहून येणाऱ्या पुलावरून सैन्य आलं, १५ ला आणीबाणी लागली, १६ ला चौक कायमचा रिकामा केला, किनाऱ्याकडच्या भागात दुपारी ४ ते पहाटे ४ कर्फ्यू लागला. आणि मग सुरू झाला तो काळ ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण बातम्या तिथे संपतात. दंगल शमल्यावर शहर जगायला लागतं तेव्हा ते कसं दिसतं?

सगळ्यात आधी आवाज बदलतात. माझं कामच कान लावून कंप्रेसर ओळखायचं, त्यामुळे मला ते जास्त जाणवलं असेल. मार्च महिन्यात तिकडे एसी लागत नाही, खिडक्या उघड्या असतात, आणि उघड्या खिडकीतून नेहमी खालच्या कोल्ड स्टोअरचं शटर, गाड्या, मुलं, बांग असं सगळं येतं. कोल्ड स्टोअर म्हणजे तिकडचं कोपऱ्यावरचं किराणा दुकान, बहुतेक मल्याळी लोकांचं. ते शटर अर्धंच वर जायला लागलं. मालक आत वाकून उभा राहायचा आणि आपण खाली वाकून खुबूस रोटी, अंडी, रिचार्ज मागायचं. रात्री हेलिकॉप्टर. पहाटे अश्रुधुराचा वास कपड्यांना, दोरीवर वाळत घातलेल्या बनियनला सुद्धा. मामू पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण मशिदीत जायचा बंद झाला, खोलीतच पढायचा, कारण शियांच्या की सुन्नींच्या, कुठल्या मशिदीत गेलात ह्याचासुद्धा अर्थ लावला जात होता. घरून फोन आला की आम्ही सगळे एकच बोलायचो, इकडे काय नाय, टीव्हीवाले वाढवून दाखवतात. माझी आई म्हणायची, आवाज असा का येतोय तुझा? मी म्हणायचो रेंज नाय.

मग साफसफाई. १८ मार्चला लुलूचा मोती पाडला. ती सहा शिडं खाली आली तेव्हा एक क्रेन चालवणारा त्याखाली चिरडून मेला, तोही आमच्यासारखाच बाहेरून पोट भरायला आलेला. त्याचं त्या चौकाशी काय भांडण होतं? मोती बांधला तेव्हा तो तिथे नव्हता, मोर्चात नव्हता, पोलिसात नव्हता, त्याला सकाळी कुणीतरी सांगितलं असेल की क्रेन घेऊन ये. त्या चौकाचं नाव बदललं, त्याचं सिग्नलवालं जंक्शन झालं. ५०० फिल्सचं एक नाणं होतं, अर्धा दिनार, त्याच्यावर मोत्याचं चित्र होतं, ते नाणंच काढून घेतलं, बघता बघता गल्ल्यातून गायब झालं. भिंतींवर रात्री घोषणा लिहिल्या जायच्या आणि सकाळी त्याच्यावर रंग मारला जायचा, मारणारे बहुतेक बांगलादेशी आणि आपले लोक, त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. मूळ रंगाशी नवा रंग जुळायचा नाही, त्यामुळे अख्ख्या वस्त्यांच्या भिंतींवर ठिगळं दिसायची, पिवळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर करडं. मी व्हॅनमधून ती ठिगळं बघायचो आणि मनात यायचं की हा रंग मारणारा माणूस वस्तीवाल्यांच्या नजरेत आता कोण झाला? त्याने तर फक्त रोजंदारी केली.

आणि माझं काय झालं ते पण सांगायला पायजे, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांबद्दलच बोलल्यासारखं होईल. संपाच्या दिवसांत कामावर आले नाहीत म्हणून हजारो बहरीनी लोकांना नोकरीवरून काढलं, सरकारी आणि खाजगी मिळून चार हजारांवर. त्यात आमचा सनाबिसचा सुपरवायझर होता. त्या माणसाने मला मोठ्या एसीचा चिलर शिकवला होता, अरबी शब्द शिकवले होते, रमजानमध्ये माझ्यासाठी घरून हरीस आणायचा. मे महिन्यात ऑफिसमध्ये बोलावून मला सांगितलं की उद्यापासून सुपरवायझर तू, महिना ४० दिनार वाढ. तेव्हा दिनार १२० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये. मी ती जागा मागितली नव्हती. पण नाकारली पण नाही. नाकारायची ताकद माझ्याकडे नव्हती, कारण पासपोर्ट त्यांच्या कपाटात, व्हिसा त्यांच्या नावावर, आणि घरी दोन मुलांच्या फिया. आमच्या पडवीला ज्या लाद्या आहेत त्या त्या पैशातल्या आहेत. काढलेल्यांपैकी पुष्कळांना पुढच्या वर्षी परत कामावर घेतलं गेलं, तो मात्र आमच्याकडे परत आला नाही. एकदा मनामाच्या सुकमध्ये, म्हणजे बाजारात, बाब अल बहरीनच्या कमानीजवळ, समोरासमोर आला. सलाम केला, मुलं कशी आहेत विचारलं आणि गेला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता कोण म्हणेल की मी अध्यात ना मध्यात होतो? मी न बोलता, न हलता एका बाजूला जाऊन बसलो होतो, मला उचलून तिथे ठेवलं होतं.

ह्यात कायद्याचा भाग आहे तो समजून घेतला पायजे. आखातात तेव्हा कफाला म्हणून पद्धत होती, म्हणजे तुमचा मालक हाच तुमचा जामीन, तो म्हणेल तरच नोकरी बदलायची. बहरीनने २००९ मध्ये त्यातून थोडी वाट काढून दिली होती, मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येईल असा नियम केला, आखातात असं करणारा तो पहिला देश. आम्हाला केवढा आनंद झाला होता. २०११ च्या मध्यावर, गडबडीनंतर तीन महिन्यांत, तो नियम आवळला, एका मालकाकडे निदान एक वर्ष काढल्याशिवाय हलायचं नाही. त्याच काळात मालकांचं नुकसान झालं म्हणून माणशी दरमहा जी १० दिनार फी सरकारला भरायला लागायची ती एप्रिलपासून थांबवली. मालकाला सवलत दिली ते बरोबरच होतं, धंदे बुडत होते, पण कामगाराला काय मिळालं, तर होती ती मोकळीक गेली. शेजारच्या देशांनी १० अब्ज डॉलरचा निधी जाहीर केला होता बहरीनसाठी. शहर सावरायला पैसे लागतात तसे हात लागतात, आणि ज्या हातांनी शहर सावरायचं ते हात अशा वेळी आणखी घट्ट धरून ठेवले जातात. मला वाटतं हे फक्त बहरीनचं नाही, भीती बसलेलं कुठलंही गाव हेच करतं. हर्णै पण करतं.

म्हणून मी परत माझ्या बंदरावर येतो.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जुलै संपता संपता खेड स्टेशनवर पाठीवर बॅगा घेतलेली नेपाळी पोरं उतरायला लागतात, गोरखपूरकडून दोन-दोन दिवस प्रवास करून. ती बोटीवर जातात. गणपती-दसरा झाला की दुसरा लोंढा येतो तो बागांना, हापूसच्या राखणीला. मोहर यायच्या आधीपासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत माणूस बागेतच झोपतो, माकडं हाकलतो, फवारणी करतो, पेट्या भरतो. आमची स्वतःची पोरं मुंबईला गेली, नाहीतर माझ्यासारखी आखातात गेली, त्यात वाईट काही नाही, पण त्यांच्या रिकाम्या जागेवर ही पोरं उभी आहेत. हर्णैचा लिलाव, दापोली-रत्नागिरीचा आंबा, हे सगळं ह्या लोकांच्या अंगमेहनतीवर चाललंय हे बंदरावरचा कुणीही मनातल्या मनात मान्य करेल.

आणि त्यातल्या एकाला सप्टेंबरमध्ये घरी जायचं होतं. विशीतला पोरगा, त्याचा भाऊ काठमांडूत कामाला, चार दिवस भावाचा पत्ता नाही. बॉर्डरवर तेव्हा कडक तपासणी होती, कार्डाशिवाय सोडत नव्हते. कार्ड मालकाच्या कपाटात, मालक मुंबईला दवाखान्यात कुणाला तरी बघायला गेलेला, चावी त्याच्याबरोबर. पोरगा दोन दिवस माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून होता. रडला नाही, काही बोलला नाही, नुसता दर अर्ध्या तासाने भावाचा नंबर लावायचा. मी मालकाला फोन केला, तो बिचारा हादरला, म्हणाला अरे मला सांगायचं ना आधी, तिसऱ्या दिवशी येऊन कार्ड दिलंन. भाऊ सुखरूप होता, पाचव्या दिवशी त्याचा फोन लागला, पोरगा शेवटी गेलाच नाही. सगळं ठीक झालं. पण ते दोन दिवस त्या पायरीवर मी माझं स्वतःचं तोंड बघत होतो.

मालकांची बाजू मला कळते, मी रोज त्यांच्यात उठतो-बसतो. हंगामाच्या आधी खलाशाला उचल द्यायला लागते, हजारोंनी, आणि उचल घेऊन पोरं पळतात हे खरं आहे. भर हंगामात खलाशी नाही म्हणून बोट किनाऱ्याला उभी राहिली तर डिझेल, बर्फ, बँकेचा हप्ता कुणाच्या बापाला चुकत नाही. पण कार्ड ठेवून पळणारा थांबतो का? ज्याला पळायचं तो कार्ड टाकून पळतो आणि गावी जाऊन दुसरं काढतो. अडकतो तो प्रामाणिक. त्याला सिम घेता येत नाही, खातं उघडता येत नाही, आजारी पडला तर दवाखान्यात नाव सांगायला पुरावा नाही, आणि पगार हंगामाच्या शेवटी एकदम मिळणार म्हणून तो मधे भांडू पण शकत नाही. उचलीचा प्रश्न उचलीच्या जागी सोडवायला पायजे, मच्छिमार सोसायटीत लेखी करार करा, उचल दोन-तीन हप्त्यांत बँकेतून द्या, पळालेल्याचं नाव बाकीच्या सोसायट्यांना कळवा. ह्यात मालकाचं संरक्षण कपाटापेक्षा जास्त आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा आणि तो मी अजिबात हलका मानत नाही. आमच्या किनाऱ्याने ते भोगलंय. १९९३ साली दिघी आणि शेखाडीला स्फोटकं आणि हत्यारं उतरली ती इथून दूर नाही. २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत रायफली सापडल्या तेव्हा दोन दिवस आमच्याकडे प्रत्येक होडी तपासली गेली, आणि तपासलीच पायजे. पण शेखाडीच्या प्रकरणात कोर्टात दोषी कोण ठरले ते आठवा, पैसे खाणारे कस्टमचे अधिकारी होते, माल उतरवून घेणारे इथलेच होते. आणि २००८ च्या हल्ल्यात सगळ्यात आधी जीव गेला तो कुबेर बोटीवरच्या खलाशांचा आणि तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा. समुद्रावर धोका आला तर पहिला वार खलाशावर पडतो, तो आपल्या बाजूचा माणूस आहे. बोटीवर कोण आहे हे पोलिसांना, तटरक्षक दलाला कळायला हवं असेल तर कार्ड त्या माणसाच्या खिशात पायजे. घरातल्या कपाटात पडलेल्या कार्डाचा बारा वाव खोल समुद्रात काय उपयोग? तपासणी करा, फोटो घ्या, नोंद ठेवा, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. मला बहरीनच्या प्रत्येक नाक्यावर कार्ड दाखवायला कधी कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटायचा तो माझा पासपोर्ट बघायला मलाच अर्ज करायला लागायचा तेव्हा.

नेपाळी माणूस इथे चोरून आलेला पण नाही. भारत आणि नेपाळमध्ये ३१ जुलै १९५० ला करार झालेला आहे, त्यातल्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहायची, फिरायची, धंदा करायची मुभा दिलीय. तो कायद्याने आलाय, त्याचं कार्ड काढून घ्यायचा अधिकार मात्र आपल्याला कुठल्याच कायद्याने दिलेला नाही.

आणि ते जे चहाच्या टपरीवरचं बोलणं, तिकडे जाळपोळ करतायत म्हणून इकडे लक्ष ठेवा, ते मला सगळ्यात जास्त लागतं. कारण मला टॉर्चवाला तो पोरगा आठवतो. त्यालाही कुणीतरी हेच सांगितलं असणार, की सावळे, मिशीवाले, ते पोलिसवाले. माणूस कुठून आला त्यावरून तो काय करणार हे ठरवायचं, ही सवय गडबडीच्या दिवसांत एका रात्रीत तयार होते आणि नंतर वर्षानुवर्षं जात नाही. काठमांडूतल्या आगीचा आणि हर्णैतल्या खलाशाचा संबंध एवढाच की त्याचं घर तिकडे आहे आणि त्याला झोप येत नाहीये. तेवढा संबंध मालकाने, तांडेलाने ओळखला तर पुष्कळ होईल. एक दिवस सुट्टी द्या, किनाऱ्याजवळून बोट चालली असेल तर रेंजमध्ये थांबवा, विचारा घरी सगळे बरे आहेत का. मला बहरीनला त्या दोन महिन्यांत हे विचारणारा एकच स्थानिक माणूस भेटला, आणि तो म्हणजे ज्याची नोकरी मला मिळाली तो.

आमच्या खोलीतल्या मल्याळी माणसाच्या राज्याने १९९६ सालीच बाहेर गेलेल्या लोकांसाठी नोर्का म्हणून वेगळं खातं काढलं होतं, त्याला कुणाला तरी फोन करता यायचा. आम्ही खेड-दापोलीवाले कुणाला करणार, मामूच्या सौदीतल्या दम्मामच्या मेहुण्याला. म्हणजे बाहेर गेलेल्या आपल्याच माणसांची नोंद ठेवायची सवय आम्हाला लागली नाही, तर आत आलेल्यांची कुठून लागणार? खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, इथे घरटी कुणीतरी आखातात आहे किंवा होता. पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात असणं म्हणजे काय हे ह्या पट्ट्यात समजावून सांगायला लागू नये.

येत्या १ ऑगस्टला बंदी उठेल. त्याच्या आधी सोसायटीच्या मीटिंगला मी हा विषय मांडणार आहे, दोन बोटमालक माझ्याबरोबर बोलायला तयार आहेत, त्यातला एक तोच, ज्याच्या कपाटाची चावी मुंबईला होती. मी म्हटलंय की हंगाम सुरू होताना जो खलाशी येईल, कुठल्याही मालकाचा, कुठल्याही देशाचा किंवा राज्याचा, त्याच्या कार्डाच्या तीन झेरॉक्स माझ्या दुकानात फुकट मिळतील. एक मालकाला, एक सोसायटीला, एक पोलिसांना. आणि मूळ कार्डासाठी प्लॅस्टिकचं पाकीट, खारं पाणी आत जाणार नाही असं, मी मुंबईहून शंभर मागवून ठेवलीत.